अकरा मात्रांचा पंप

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तुझ्या मागे कायम कुणीतरी तबला नाहीतर गिटार जुळवत असतं आणि तू दोन मिनिटांत कटवतोस, म्हणून लिहायला बसलो. बसलो म्हणजे पडलो. डिसेंबरात लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा राहून दोराला ग्रीस लावत होतो, पाय घसरला आणि दीड मजला खाली खड्ड्यात गेलो. डाव्या मांडीच्या हाडाचे तीन तुकडे. आत आता गज आहे. कमरेचा पट्टा लावला नव्हता, हे बायको येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. तुलाही सांगेल, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी कॉट टाकलीय. समोर भिंत, भिंतीवर पाल, आणि दिवसभर आपला तो जुना लाडका बँड, आपली मंडळी. सहाच्या सहा रेकॉर्डी. दुसऱ्या रेकॉर्डीवर बासरी सुरू व्हायच्या आधी ती बाई श्वास घेते ना, तो श्वाससुद्धा पाठ झालाय. आई म्हणाली, "अरे, त्यांना जरा विश्रांती दे." खरं सांगायचं तर मलाच हवीय. मोबाइल आपण होऊन 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून काहीतरी लावतो, ते ऐकून दुसरा पाय मोडावासा वाटतो.

तू त्यातला माणूस. पोरांना शिकवतोस, रेकॉर्डिंग करतोस. आपल्या मंडळींसारखं प्रोग्रेसिव्ह रॉक आता कुणी वाजवतं का? म्हणजे वीस-वीस मिनिटांचा एकच तुकडा, त्यात ऑर्गन, आणि पायाने ठेका धरायला जावं तर पाय चुकावा, असं? नवी नावं कळव. अजून दोन महिने उठायची परवानगी नाही.

तुझा,
धाकटा


१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पडलास डिसेंबरात आणि कळवतोस फेब्रुवारीत? मावशीने तरी सांगायचं. वाढवलं मलाही तिनेच, पण बातम्या मात्र पोटच्या पोराच्याच सांभाळून ठेवते! पट्टा न लावल्याबद्दल तुझ्या बायकोच्या बाजूने माझंही एक मत धर.

तुझा प्रश्न मात्र झकास आहे. माझ्याकडची विशीतली पोरं वर्षातून एकदा तरी विचारतात, "सर, त्यांच्यासारखं अजून कोण?" मी त्यांना आधी विचारतो, सारखं म्हणजे काय रे? त्यांच्यासारखा आवाज काढणारे ढिगाने आहेत. जुना ऑर्गन आणला, दाढ्या वाढवल्या, झालं. त्यांच्यासारखा विचार करणारे फार थोडे. नक्कल करणाऱ्याला मी दारात उभं करत नाही. मी त्या बाबतीत किती कडक आहे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार!

तर तीन नावं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून जोडली आहेत. पहिला तीन सख्ख्या भावांचा बँड. तिघंही गातात, आणि अठरा मिनिटांच्या तुकड्यात एकदाही घाई करत नाहीत. दुसरी एक तरुण बासरीवाली आणि तिची चार माणसं. तिला आपल्या मंडळींची नात म्हण हवं तर. तिसरे गणिती. सात मात्रा, मग तेरा, परत सात. त्यांच्यावर एकदम तुटून पडू नकोस, रोज एक तुकडा ऐक.

ऐकून झालं की सविस्तर लिही. तुझा कान चांगला होता. मावशीला नमस्कार.

तुझा,
दादा


९ मार्च

ती. दादास,
सा. नमस्कार.

तिघांनाही पुरेसा वेळ दिला. दुसरं काम काय आहे?

तीन भाऊ सुंदर वाजवतात, पण एकमेकांना इतकी वाट देतात की शेवटी रस्त्यावर कुणीच उरत नाही. आपल्या मंडळींत ऑर्गनवाला आणि गिटारवाला अक्षरशः भांडायचे, बेसवाला मध्ये पडून सोडवायचा. हे तिघं जेवायला बसल्यासारखे वाजवतात. गणिती लोकांना माझा नमस्कार. मी मोजत बसलो, मोजून झालं, आणि मग काही उरलंच नाही. बासरीवाली मात्र आवडली. तिच्या दुसऱ्या रेकॉर्डीचा शेवट आईलाही आवडला. "ही बाई रडत नाहीये, पण रडेल," असं म्हणाली.

तू म्हणालास, माझा कान चांगला होता. वाचून बरं वाटलं. बावीस वर्षांत माझ्या कानाचा उपयोग मोटर कुठे घासतेय तेवढं ओळखायला झाला. त्यातही मी पटाईत आहे, हे सांगायला हरकत नाही.

एक विचारायचं होतं. पायाचा व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. हाताने राक्षस आहे, पण गाणं ऐकणारी आहे. मी काय ऐकतो ते बघून म्हणाली, "काका, तो नव्या पोरांचा बँड ऐकला नाहीत? सगळे म्हणतात, त्यांचा तो मोठा तुकडा तुमच्या जुन्या मंडळींच्या तोडीचा आहे." 'शेवटचे ठोके' असं त्या तुकड्याचं नाव. पोरं तुमच्या गावचीच आहेत म्हणे, तुमच्याच संस्थेत शिकलेली. मग तुझ्या चिठ्ठीत ते कसे नाहीत? घरच्यांची शिफारस करायला लाजलास की काय? ती मुलगी तो तुकडा पुढच्या आठवड्यात घेऊन येणार आहे.

तुझा,
धाकटा


१३ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आजच मिळालं, लगेच लिहितोय. त्या पोरांच्या नादी लागू नकोस. कच्ची आहेत. माझ्याकडे शिकली हे खरं, म्हणूनच सांगतो. लोक काहीही म्हणतात. ऐकायचंच तर दोन-तीन वर्षांनी ऐक, जरा पिकू देत. उगीच निराश होशील आणि पुन्हा म्हणशील, दादाचे विद्यार्थी असे कसे!

त्याऐवजी आणखी चार नावं पाठवतोय. पैकी शेवटच्या बँडमध्ये दोन ऑर्गनवाल्या आहेत आणि दोघी सवती असल्यासारख्या वाजवतात. तुला हवं ते भांडण मिळेल. त्यांच्या पाचही रेकॉर्डी वेगळ्या पार्सलने धाडल्या आहेत, आधी त्या संपव.

पायाकडे लक्ष दे. घाईत आहे.

दादा


२ एप्रिल

दादा,

ऐकला.

ती मुलगी मांडी वाकवत होती आणि मोबाइल खिडकीत ठेवला होता. सुरुवातीला नुसता बेस. दहा ठोके आणि एक रिकामा. दहा ठोके आणि एक रिकामा. मी ओरडलो. तिला वाटलं पाय दुखला. "काका, सोडू का?" म्हणाली. मी म्हटलं, "तू तुझं चालू दे, फक्त आवाज वाढव."

तो तुमच्या इमारतीचा पाण्याचा पंप आहे, दादा. मी तेव्हा तुझ्याकडे राहायला आलो होतो, गच्चीवरच्या खोलीत झोपायचो. भिंतीपलीकडे पंप होता. दहा झटके द्यायचा आणि अकराव्याला त्याचा दम जायचा. त्यावर मी डावा हात बसवला. त्यावर ऑर्गनचा तो खाली उतरणारा सूर. मग ते तीन मिनिटांचं संथ. मग सगळं उलटं. चार महिने घासलं. मी एकोणीसचा, तू चोवीसचा. तूच कॅसेटवर उतरवून घेतलंस, आणि ऐकून झाल्यावर काय म्हणालास ते तुला आठवत नसेल. मला आठवतं. "हे तर आपल्या मंडळींचंच आहे. त्यांची नक्कल. ह्यात तू कुठे आहेस? हे टाकून दे आणि पोटापाण्याचं बघ."

मी टाकून दिलं. कीबोर्ड देऊन टाकला आणि लिफ्टच्या कामाला लागलो. तुझ्यावर राग नव्हता. उलट बायकोला कितीदा तरी सांगितलं, दादाने वेळेवर डोळे उघडले म्हणून बरं, नाहीतर खुळ्यासारखा बसलो असतो आयुष्यभर.

रेकॉर्डीवर लिहिलंय, रचना : आणि पुढे तुझं नाव. त्या मुलीने वाचून दाखवलं. तिला वाटलं मला अभिमान वाटेल.

आता एवढंच सांग. नक्कल होती, तर घेतलीस कशाला? आणि चांगली होती, तर तसं म्हणाला का नाहीस?

ती कॅसेट मला परत पाठव.


२५ एप्रिल

चि. धाकट्यास,

तीन वेळा लिहून फाडलं. आता जे येईल ते येऊ दे.

आधी एक समजून घे. आपण दोघं एकाच खोलीत एकाच रेकॉर्डी ऐकत मोठे झालो. पंप मलाही ऐकू यायचा. ह्या प्रकारच्या संगीतात कुणाचं काय, हे कुणी ठरवायचं? उतरता सूर तर आपल्या मंडळींच्या चौथ्या रेकॉर्डीवरही आहे.

हे वाचून तू हसशील. मीही हसलो असतो. बरं, तुझं होतं. तुकडा तुझा होता.

पण तू तो टाकलास, धाकट्या. मी एक शब्द बोललो आणि तू टाकलास. ज्याच्यात खरंच काही असतं, तो भावाच्या एका वाक्याने बाजूला होत नाही. मी बावीस वर्षं तो सांभाळला. त्याला ड्रम दिले, गायला शब्द दिले, पोरांकडून दोन वर्षं बसवून घेतला. तू लिफ्टी दुरुस्त करत होतास तेव्हा ते मी करत होतो.

त्या दिवशी तुला असं का म्हणालो, तेही विचारलंयस. मी पाच वर्षांनी मोठा. सगळे म्हणायचे, संगीत माझ्याकडे आहे. आणि तू समोर बसून, हात गुडघ्यांवर पुसत, ते वाजवलंस. मी रात्रभर दुसरं काही बोलायला शोधत होतो. सकाळी ते एक वाक्य सापडलं. मला वाटलं होतं तू भांडशील.

पोरांनी माझ्याकडून काही नवं मागितलं तेव्हा माझ्याकडे माझं असं काहीच नव्हतं. एवढंच होतं.

पुढच्या छपाईत आभारांमध्ये तुझं नाव घालायला सांगतो. कॅसेट मात्र नाही. स्टुडिओ बदलताना सामानात गेली. मावशीच्या कानावर यातलं काही घालू नकोस. माझी आई गेल्यावर मला तिच्याशिवाय कुणी नाही.

दादा


६ मे

मोठ्या भाऊजींस,
सा. नमस्कार.

मी कधी तुम्हाला पत्र लिहिलेलं नाही. ह्यांना न सांगता लिहितेय.

ते कुबड्यांवर चालायला लागलेत, पण तुमचं पत्र आल्यापासून घरात गाणं बंद आहे. रेकॉर्डी कपाटावर टाकल्यात. तुम्ही पाठवलेलं पार्सल तसंच बांधलेलं आहे. सासूबाई विचारतात, "आज तुझी माणसं गप्प का?" तर म्हणतात, मशीन बिघडलंय. आणि तीस-तीस वर्षांच्या लिफ्टी चालवणारा माणूस ते मशीन उघडूनही बघत नाही, हे त्यांना कळत नसेल असं तुम्हाला वाटतं का?

मला संगीतातलं काही कळत नाही. पण लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या तोंडून ऐकतेय, "मला ते जमण्यासारखं नव्हतं, दादाने वेळीच सांगितलं." जेवताना, पाहुण्यांत, मुलीला शाळेत घातली तेव्हा. तिला पेटी शिकायची होती. हे म्हणाले, आपल्या घरात ते नाही. भाऊजी, तेवढ्यासाठी माझी मुलगी पेटी शिकली नाही.

ती पोरं सत्तावीस तारखेला आमच्याकडे कार्यक्रमाला येतायत. मी तिकिटं काढलीत. तुम्ही या. त्या पोरांसमोर एकदा म्हणा, हा माझा भाऊ आणि हे ह्याचं आहे. आभार-बिभार नकोत. तेवढं केलंत तर मी जन्मभर तुमच्याबद्दल वाईट शब्द काढणार नाही.

तुमची,
धाकटी भावजय


१० मे

चि. सौ. भावजयीस,
आशीर्वाद.

त्याला कार्यक्रमाला नेऊ नका. गर्दी असते, जिना असतो, लोक अंगावर येतात, हाड पुन्हा सरकलं तर काय घ्या? शिवाय आवाज फार असतो. मला त्या आठवड्यात परीक्षा घ्यायच्या आहेत, निघणं शक्य नाही.

मी स्वतः सवडीने येईन तेव्हा सगळं नीट बोलू. तिकिटं परत करा. माझं एवढं ऐका.

दादा


२९ मे

दादा,

तिकिटं परत केली नाहीत. तू बायकोला लिहिलेलं पत्र तिने मला तिथून परत आल्यावर दाखवलं, आणि तुला नेमकी कशाची धास्ती होती ते कळलं. जिन्याची नव्हती.

सभागृह भरलं होतं. आम्हाला कडेच्या खुर्च्या मिळाल्या, कुबड्या ठेवायला बरं. पोरं चांगली आहेत. कच्ची नाहीत. ड्रमवाला तर असा, की आपल्या मंडळींनी त्याला ठेवून घेतला असता. तासाभराने गाणारा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "आता ज्यासाठी तुम्ही आलात ते. हे आमच्या सरांनी त्यांच्या धाकट्या मावसभावाच्या आठवणीत लिहिलं. तो फार हुशार होता. एकोणिसाव्या वर्षी गेला. दवाखान्यात सर त्याच्या उशाशी बसले होते, त्याचे शेवटचे ठोके त्यांनी मोजले. दहा पडायचे आणि एक चुकायचा. आपण सगळे क्षणभर उभे राहू या."

सगळं सभागृह उठलं. मला पटकन उठता येत नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून बघितलं, की हा माणूस का बसलाय. तेव्हा बायकोचा हात धरून मीही उठलो. माझ्यासाठी उभा राहिलो. माझ्या बायकोचा चेहरा तू बघायला हवा होतास. ती बोलायला लागली होती, मी तिचा हात दाबून धरला.

पंप होता रे तो. गळका, पाण्याचा पंप.

मग त्यांनी वाजवलं. चोरी झालेला माणूस कसा असायला हवा, मला माहीत नाही. मी ऐकत होतो आणि मला ते आवडत होतं. संथ भागात माझ्या शेजारचा एक म्हातारा डोळे पुसत होता. मला त्याला सांगावंसं वाटलं की हे मी गच्चीवर बनियनवर बसून केलं. आणि मग एकदम, सूर वर चढता चढता, सगळे थांबले. अंधार. टाळ्या.

संपल्यावर बायकोला म्हटलं, तू इथेच थांब. कुबड्या टेकत स्टेजपर्यंत गेलो. कीबोर्डवाली मुलगी वायरी गुंडाळत होती. तिला विचारलं, "हे मध्येच का तोडलंत?"

"मध्येच नाही, काका. तो जिथे थांबला तिथेच तुकडा थांबतो. सर म्हणतात, त्यापुढे एक सूरही वाजवायचा आपल्याला अधिकार नाही."

दादा, तिथे कॅसेटची एक बाजू संपली होती. दुसऱ्या बाजूला पुढची चार मिनिटं होती, त्या रात्री तू उठून गेल्यावर मी एकट्याने भरलेली. तू कॅसेट उलटलीच नाहीस. बावीस वर्षांत एकदाही नाही. त्या चार मिनिटांत सगळं जुळत होतं, पंपाचा तो रिकामा ठोका शेवटी भरून निघत होता. त्याचसाठी तर बाकीचं होतं सगळं.

मी म्हटलं, "पोरी, जरा वाजवून बघू?" ती सरकली. एका कुबडीवर भार टाकून मी उजवा हात ठेवला. जिथे ते थांबले त्याच्या चार आवर्तनं आधीपासून घेतलं. बोटं बरोबर गेली, तिचे डोळे मोठे झाले. मग ती जागा आली आणि पुढे काही नव्हतं. परत घेतलं. परत तिथेच. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून, गच्चीवरची खोली, भिंत, सगळं समोर आणून घेतलं. भिंत आली. सूर आले नाहीत.

ती फार चांगली मुलगी आहे. म्हणाली, "बहुतेकांना तर इथपर्यंतही येत नाही, काका. कुठे शिकलात?"

मी म्हटलं, "लिफ्टी दुरुस्त करतो." तिला वाटलं मी गंमत करतोय.

तिला सांगता आलं असतं, मीच तो. रस्ताभर बायको त्यावरूनच रडत होती. पण काय सांगणार होतो? ज्या गोष्टीने मी मी आहे हे सिद्ध झालं असतं, ती कॅसेटवर होती आणि कॅसेट तू हरवलीस. मेलेल्या पोराला ती मुलं निदान मान देतात. जिवंत असलेल्याला त्यांनी पुरावा मागितला असता, आणि त्यांचं काही चुकलं नसतं.

आभारांत माझं नाव घालू नकोस. पोरं बुचकळ्यात पडतील.

मुलीला काल पेटीच्या वर्गात घातली. वय वाढलंय, बोटं कडक झालीत, बाई म्हणाल्या, बघू. सोमवारपासून मी कामावर रुजू होतोय. वर चढायचं नाही, खालून बघायचं आणि दुसऱ्यांना सांगायचं, असं काम दिलंय.

इकडे येऊ नकोस. पत्रही पाठवू नकोस, आलं तर न उघडता परत करीन.

राहिली आई. तिचे डोळे आता फार अधू झालेत, पेपरातला मथळाही लागत नाही. तुझी पत्रं मीच तिला वाचून दाखवायचो, नको ते गाळून. शेवटची दोन वाचलीच नाहीत. सकाळपासून दोनदा विचारून झालंय, "दादाचं काही आलं का रे?" तुझ्याविषयी तिला काही कळणार नाही. ह्या वयात तिचा एक मुलगा कमी करायची माझी तयारी नाही. महिन्याला एक पत्र तिला मिळेल. तू बरा आहेस, पोरं शिकतायत, परीक्षा आहेत, म्हणून यायला जमत नाही. मजकूर मी लिहीन, खाली नाव तुझं वाचीन. मला ते जमेल.